मिठी आणि पंच

गेल्या दिवाळीतली, पाडव्याच्या रात्रीची गोष्ट. फराळाची ताटे अजून उचलायची होती. आई भिंतीला टेकून उद्याच्या वाती वळीत बसली होती, आणि माझ्या पुतण्याने आपल्या मोबाइलवर मुष्टियुद्धाची एक जुनी लढत लावली होती. दोन आडदांड गडी एकमेकांभोवती फिरत होते. चार ठोसे बसतात न बसतात तोच त्यांतल्या एकाने दुसऱ्याला घट्ट मिठी मारली. लगेच गळ्याला काळा बो लावलेला एक लहानखुरा मनुष्य दोघांच्या मध्ये शिरला आणि त्यांना सोडवू लागला.

आईने वात खाली ठेवली. म्हणाली, "काय रे बाबा, हे एकमेकांची थोबाडं फोडत होते तवर हा बाजूला उभा राहून बघत होता. आता कुठं गळ्यात गळा घातला, तर सोडवायला धावला! ही कसली उफराटी रीत?"

घरात हशा पिकला. पुतण्याने आजीला समजावण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. मिठी मारणे हा या खेळात गुन्हा आहे, तो मध्ये पडणारा म्हणजे पंच, वगैरे वगैरे. आईचे समाधान झाले नाही. "गुन्हा कामून?" एवढेच तिने विचारले आणि पुन्हा वाती वळायला घेतल्या.

खरे सांगायचे तर माझेही समाधान झाले नाही. कारण तो मध्ये शिरणारा मनुष्य पाहून मला एका जत्रेतला आखाडा आठवला, आणि तो आठवू नये म्हणून मी बरीच वर्षे खटपट केली होती. त्या रात्री झोप लागली नाही. पुढे सुट्टीत मिळेल ते वाचले, जाणत्या वस्तादांना विचारले. आईच्या त्या 'कामून'चे उत्तर शोधता शोधता जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे. त्या जत्रेची गोष्टही सांगणार आहे. पण ती शेवटी.

*

आपल्या कुस्तीत पकड हे पहिले अक्षर. सलामी झाली, खडाखडी झाली, की हात मानेवर आणि मनगटावर जायचेच. धरल्याशिवाय डाव नाही. मुष्टियुद्धात नेमके उलट. तेथे धरले की डाव मोडला. असे असले तरी ही दोन भावंडे एकेकाळी एकाच घरात नांदत होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

इंग्लंडात अठराव्या शतकात ही झुंज उघड्या मुठींनी चाले. 1743 साली लंडनमधल्या जॅक ब्रॉटन नावाच्या नामांकित लढवय्याने आपल्या आखाड्यासाठी सात नियम लिहिले. त्यांतला एक असा की, खाली पडलेल्याला मारू नये, आणि कमरेखाली, मांडीला किंवा विजारीला धरू नये. याचा अर्थ, कमरेच्या वर धरायला पूर्ण मुभा होती! प्रतिस्पर्ध्याला कवेत घ्यावे, उचलावे, आपटावे. सारे नियमात बसे. आणखी एक नियम मोठा मौजेचा आहे. जमलेल्या प्रतिष्ठितांमधून लढणाऱ्यांनी दोन पंच निवडावेत, आणि त्या दोघांचे न जमल्यास त्यांनी तिसरा निवडावा. त्याचा शब्द अखेरचा. हे वाचताना मला आपल्या जत्रांतले आखाडेच आठवले. दोन्हीकडचा एकेक जाणता आणि वाद पडलाच तर मध्ये एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा. माणसाची जात सगळीकडे सारखीच.

त्या काळच्या लढतीला घड्याळाची फेरी नव्हती. कोणीतरी खाली पडला की फेरी संपली, आणि अर्ध्या मिनिटाची विश्रांती. दमलेल्या गड्याला ही पळवाट चांगली होती. मुद्दाम पडणे हा गुन्हा खरा. पण मुद्दाम पडला की मार खाऊन पडला, हे त्याच्या पोटात शिरून कोण पाहणार?

मग 1867 साली नवे नियम प्रसिद्ध झाले. लिहिले जॉन ग्रॅहॅम चेंबर्स या गृहस्थाने, पण त्यांना नाव मिळाले क्वीन्सबरीच्या उमरावाचे. तीन मिनिटांची फेरी, मध्ये एक मिनिट विश्रांती, हातांत मोजे, आणि पडलेल्याने दहा सेकंदांत उठावे, नाहीतर हार. कुस्ती आणि मिठी यांना मनाई करणारे कलम त्यांतलेच. दोन भावंडांची वाटणी झाली ती येथे.

पण गंमत अशी, की ज्या नियमांनी मिठी बंद केली, त्यांनीच मिठीची किंमत वाढविली. आता पडावे तर दहा सेकंदांत उठण्याची सक्ती. पळावे तर चारी बाजूंनी दोर. तीन मिनिटांची घंटा होईपर्यंत दमलेल्या माणसाने जावे कोठे? एकच जागा उरली. ज्याच्यापासून पळायचे, त्याच्याच छातीवर! मारणारा हात लांबून मारतो. अगदी जवळ गेले, त्याचे दंड आपल्या काखेत दाबले, की तो हात लुळा पडतो. आईने ज्याला गळ्यात गळा म्हटले, तो खरोखर दमलेल्याचा निवारा होता.

*

आता त्या मधल्या माणसाचे काम पाहा. त्याच्याजवळ तीन हुकूम असतात: 'स्टॉप', 'ब्रेक' आणि 'बॉक्स'. म्हणजे थांबा, सुटा आणि लढा. 'ब्रेक' म्हटले की दोघांनी एकेक पाऊल मागे घ्यायचे आणि मगच पुन्हा लढायचे. सुटता सुटता ठोसा मारणे हा गुन्हा. एका हाताने धरून दुसऱ्याने मारणे हाही गुन्हा. पुन्हापुन्हा धरणाऱ्याला आधी समज, मग ताकीद आणि गुण वजा. इतक्यानेही ऐकले नाही, तर बाद. पुस्तकात हे सारे सोपे दिसते.

अडचण कोठे आहे ती सांगतो. समजा एक गडी उंच, लांब हातांचा. दुसरा बुटका, पण जवळ शिरला की तोडून काढणारा. बुटका बिचारा चार ठोसे तोंडावर झेलून कसाबसा आत शिरतो. तो आत येताच उंच गडी त्याला मिठी मारतो. पंच धावतो आणि 'सुटा' म्हणतो. दोघे मागे सरतात, आणि बुटका पुन्हा होता तेथे! पूर आलेली नदी पोहून काठाला लागलेल्या माणसाला हाताला धरून पुन्हा पलीकडच्या तीरावर नेऊन सोडावे, तसे हे झाले. मिठी मारली उंचाने, शिक्षा झाली बुटक्याला, आणि पंचाने तर नियमच पाळला!

म्हणून जाणता पंच लगेच धावत नाही. तो आधी हात पाहतो. कोणाचा हात अडकला आहे, कोणाचा मोकळा आहे? मोकळा हात काम करीत असेल तर लढू द्यावे. दोघांचेही हात जखडले असतील तर सोडवावे. एकच जण पुन्हापुन्हा जखडत असेल तर सोडवून भागत नाही. त्याला दंड करावा लागतो. घड्याळ पाहून हे ठरत नाही, हात पाहून ठरते.

याचे प्रसिद्ध उदाहरण मुहम्मद अली आणि जो फ्रेझियर यांच्या लढतींचे. अली उंच, फ्रेझियर बुटका आणि आत घुसणारा. 28 जानेवारी 1974 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांची दुसरी लढत झाली. फ्रेझियर आत आला की अली त्याच्या मानेमागे हात टाकून त्याचे डोके खाली दाबी आणि मिठी मारी. बारा फेऱ्यांनंतर अली गुणांवर जिंकला. फ्रेझियरचा गुरू एडी फ्युच याने नंतर त्या लढतीचे चित्रण पाहून अलीने असे किती वेळा धरले ते मोजले. त्याची मोजदाद 133 वर गेली. पुढच्या वर्षी फिलिपाइन्समध्ये तिसरी लढत ठरली, तेव्हा फ्युचने तो पूर्वीचा पंच साफ नाकारला. कार्लोस पॅडिला हा फिलिपिनो पंच उभा राहिला. 1 ऑक्टोबर 1975 च्या त्या लढतीत अलीचा हात फ्रेझियरच्या मानेमागे गेला की पॅडिला तो झटकून काढी. धरायला आसरा नाही म्हटल्यावर दोघांना लढणे भाग पडले. लढत इतकी भयंकर झाली की चौदाव्या फेरीनंतर फ्युचनेच फ्रेझियरला पुढे पाठविण्यास नकार दिला. एक डोळा बंद, दुसरा मिटत आलेला, अशा स्थितीत फ्रेझियर बसला होता. अलीनेही नंतर सांगितले की, त्या दिवशी मरण फार जवळून पाहिले.

पहिल्या पंचाने मिठी चालवून घेतली, तर लढत नासली असे लोक म्हणाले. दुसऱ्याने ती मोडून काढली, तर दोन माणसे मरणाच्या दारापर्यंत गेली. वाचकहो, सांगा, कोणता पंच बरोबर? मला तर अलीकडे वाटते की दोघांनाही दोष देणे सोपे आहे, आणि त्यांच्या जागी उभे राहणे अवघड आहे.

*

आपल्याकडे वळू या. दिवाळीच्या अंकात सांगण्याजोगी गोष्ट म्हणजे, महाभारतातली सर्वांत लांबलेली कुस्ती कार्तिकाच्या पहिल्या दिवशीच लागली होती. भीम आणि जरासंध. तेरा दिवस ती चालली, आणि चौदाव्या रात्री जरासंध थकला. तेव्हा श्रीकृष्णाने भीमाला जे सुचविले ते मोठे मार्मिक आहे. थकलेल्या शत्रूला फार पिडू नये, नाहीतर तो प्राणाला मुकतो. शब्द दयेचे, आणि इशारा 'हीच वेळ आहे' असा! तेथे दुसरे काय होणार? श्रीकृष्ण पंच नव्हता, एका बाजूचा होता. थकलेला माणूस त्यालाही अचूक दिसला. पण पाहणारा बाजूचा असला की पाहण्याचा उपयोग मारण्याकडे होतो. पंच हवा तो यासाठी.

मल्लविद्येचा शास्त्रोक्त विचार आपल्या भागाला नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मल्लविनोदाला मानाचे स्थान आहे, आणि मल्लांचे वय व बळ पाहून त्यांचे वर्गही पाडले आहेत. पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, आणि 1912 साली खासबागेचे ते प्रसिद्ध मैदान तयार झाले. हलगी वाजते, तांबड्या मातीचा हौद सजतो, शड्डू ठोकले जातात, आणि पाठ मातीला लागेपर्यंत कुस्ती चालते. आपली जुनी कुस्ती अशी निकाली. गुण नाहीत, फेऱ्या नाहीत. जो आस्मान पाहील तो हरला.

निकाली कुस्तीचे हे वैभव खरे; पण तिच्यातही एक चोरवाट आहे. पाठ लागली तरच हार, तर मग मी पोटावर पडून मातीलाच धरून राहिलो तर? 10 सप्टेंबर 1910 रोजी लंडनला हेच झाले. आपला गामा पैलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लाउस झिबिस्को यांची लढत होती. गामाने थोड्याच वेळात त्याला खाली घेतले. त्या महाकाय झिबिस्कोने गामाचे बळ ओळखले आणि जमिनीशी सलगी केली. अडीच तासांहून अधिक वेळ तो तसाच चिकटून राहिला. गामाने सारे डाव केले; माणूस उलटेना. पंचाजवळ इलाज नव्हता. अखेर कुस्ती बरोबरीत सोडविली आणि 17 तारखेला पुन्हा लावली. त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही, आणि गामाला विजयी ठरविण्यात आले. अठरा वर्षांनी, 1928 साली, पतियाळाला दोघे पुन्हा भिडले. तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत त्याला चीत केले. खरा निकाल लागायला अडीच तास आणि अठरा वर्षे लागली!

ही चोरवाट बुजविण्यासाठी पुढे किती खटाटोप झाले! कुस्ती मातीवरून गादीवर आली, वेळ ठरला, गुण आले. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 साली महाराष्ट्र केसरी झाले आणि 1970 साली त्यांनी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. आपल्या मराठवाड्याच्या मातीतली विद्या गादीवरही चालते, हे त्यांनी दाखविले. पण गादीवरही धरून बसणारे निघालेच. मग, जो लढत नाही त्याला पंचाने समज द्यावी, मुदत द्यावी, आणि त्या मुदतीत काही केले नाही तर समोरच्याला गुण द्यावा, असे ठरले. मध्यंतरी काही वर्षे तर अशी रीत होती, की फेरीत कोणालाच गुण मिळाला नाही तर चिठ्ठीसारखा चेंडू काढायचा. ज्याच्या रंगाचा चेंडू निघेल, त्याच्या हातात दुसऱ्याचा पाय आयता द्यायचा! धरण्याचा निकाल पंचाच्या नजरेऐवजी नशिबावर सोपविला. लोक कंटाळले. 2013 च्या फेब्रुवारीत ऑलिंपिकच्या कारभाऱ्यांनी 2020 च्या खेळांतून कुस्ती वगळण्याची शिफारस केली. तेव्हा कोठे धावपळ होऊन त्याच वर्षी नियम बदलले, चेंडू गेला, आणि सप्टेंबरात कुस्ती पुन्हा ऑलिंपिकमध्ये घेतली गेली.

1743 पासून 2013 पर्यंत नियम लिहिणाऱ्यांनी हे एक कोडे सोडविण्यासाठी एवढी शाई खर्च केली, आणि ते सुटले नाही. कारण धरणारे हात दोन प्रकारचे असतात. एक जिंकण्यासाठी किंवा फसविण्यासाठी धरणारा. दुसरा, बुडणारा काठ धरतो तसा धरणारा. जबड्यावर ठोसा बसून डोळ्यांपुढे अंधारी आलेला माणूस समोर जे येईल ते धरतो. बाहेरून दोन्ही मिठ्या हुबेहूब सारख्या. नियमाला हात दिसतो, हेतू दिसत नाही. म्हणून सोडविताना पंचाने त्या माणसाच्या डोळ्यांत पाहावे, असे जाणते पंच शिकवितात. तेवढे एक कलम कोणाला लिहिता आले नाही; ते पंचाच्या नजरेवर सोपविले आहे.

आम्ही परळीकर तरी धरून राहणाऱ्याला सरसकट भ्याड कसे म्हणावे? मार्कंडेयाची कथा आमच्याकडे घरोघर सांगतात. येथे त्याच्या नावाचे तीर्थही आहे. आयुष्य संपलेले, यम दारात आलेला. पोराने काय केले? पळाला नाही, लढला नाही. पिंडीला मिठी मारली आणि सोडली नाही. वैजनाथाने त्या मिठीचा अर्थ बरोबर ओळखला. आमच्या देवळात आजही पिंडीला हात लावून दर्शन घेता येते. पायऱ्या चढून जाऊन मी तेथे हात टेकतो, तेव्हा पुष्कळदा मला तो आखाडा आठवतो.

*

आता ती गोष्ट.

पंधराएक वर्षांपूर्वी परळीच्या आसपासच्या एका गावी चैत्रातली जत्रा होती. ठरलेला पंच आला नव्हता. कोणीतरी म्हणाले, "मास्तरांना उभं करा. त्यांच्याजवळ घड्याळ हाय." तालमीत दोन वर्षे काढलेली, कुस्तीवर एक कथाही छापून आलेली, मला नाही म्हणवले नाही. डोक्याला फेटा बांधला आणि हौदात उतरलो.

शेवटून दुसरी कुस्ती. एक गडी परतालुक्याचा, आणि दुसरा माझ्याच हाताखाली आठवीत शिकलेला मुलगा, एकोणीस वर्षांचा. येथेच माझे पहिले चुकले. आपला विद्यार्थी म्हणून पक्षपात केला असे कोणी म्हणू नये, याची मला धास्ती लागली. दहा मिनिटे चांगली रंगली. मग एका झटापटीनंतर माझ्या मुलाने प्रतिस्पर्ध्याची कंबर धरली आणि चिकटून बसला. दोन मिनिटे झाली, तीन झाली. हलगी थंडावली. लोक शिट्ट्या मारू लागले. "मास्तर, सोडवा! पोरगं झोपलं काय बगा!" मी घड्याळ पाहिले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "धरून बसू नको. सूट आणि लढ."

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. "गुरुजी..." एवढेच म्हणाला. मला ती सबब वाटली. शाळेत गृहपाठ न केलेली पोरे याच सुरात बोलतात. मी त्याची पकड माझ्या हाताने सोडविली आणि शिट्टी फुंकली.

समोरच्याने पुढच्याच क्षणी त्याचा उजवा हात ओढून ढाक मारली. तो आवाज मी अजून विसरलो नाही. खांदा निखळला होता.

म्हातारे वस्ताद काठी टाकून धावत आले. त्यांनी पोराचे डोके मांडीवर घेतले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मास्तर, त्यानं उजवा हात लावलाच न्हवता. मघाच्या झटापटीतच तो गेला व्हता. नुसत्या डाव्यानं धरून बसलं व्हतं लेकरू. दिसलं न्हाई तुमाला?"

दिसले नव्हते. मी घड्याळाकडे पाहत होतो.

खांदा बसला, पण कुस्ती सुटली. तो मुलगा आता बाप्या झाला आहे. मोंढ्यात एका अडतीवर हिशेब लिहितो. मला तो कधी काही बोलला नाही. मी त्यानंतर पंच म्हणून उभा राहिलो नाही, आणि कोणी विचारलेही नाही.

गेल्या दिवाळीत, आईच्या त्या प्रश्नाच्या दुसऱ्याच दिवशी, भाऊबिजेला सायंकाळी तो घरी आला. बरोबर दहा वर्षांचा मुलगा होता. गुटगुटीत पोरगे, कान आत्ताच थोडे चुरगळलेले. आईने दोघांपुढे फराळाचे ताट ठेवले. मी विचारले, "तालमीत घातलास वाटतं?"

"घातलं, गुरुजी," तो म्हणाला. "लई हौस हाय त्याला." मग चिवड्याचा घास घेऊन हसत म्हणाला, "फक्त जत्रेत गेलो की पंच कोण हाय, ते आदी विचारतो मी."

आई हसली, पोरगे हसले. मीही हसलो. हातातली चकली मात्र घशाखाली उतरायला बराच वेळ लागला.